न्हाईची रेघ

मन्मथआप्पांना हळू बोलता येत नाही, असं दिंद्रुडला नवीन आलेल्या प्रत्येकाला वाटायचं. मलाही वाटलं. मी तिथल्या हायस्कूलवर मराठीचा मास्तर म्हणून रुजू झालो आणि आप्पांच्या दुकानामागची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच दिवशी भिंतीपलीकडून त्यांचा असा काही आवाज आला, की मला वाटलं दुकानात मारामारी जुंपली आहे. जाऊन पाहतो तर आप्पा बाकावरच्या एका म्हाताऱ्याला करडई कशी पेरावी ते समजावून सांगत होते. म्हाताऱ्याचं लक्ष नव्हतं. त्याच्याकडे शेतच नव्हतं.

खरा प्रकार आठवडाभराने कळला. आप्पांचं मूळचं किराणा दुकान. गावोगाव फोनचे बूथ मिळायला लागले तेव्हा त्यांनीही अर्ज केला आणि दुकानाच्या एका कोपऱ्यात काचेची खोली उभी राहिली. त्या खोलीतलं सगळं बाहेर ऐकू येई. त्यात पुण्याला फोन लावला तर आवाजही पुण्यापर्यंत पोचवावा लागतो, अशी आमच्या लोकांची पक्की समजूत. म्हणून कोणी आत शिरलं की आप्पा बाकावरच्यांशी मोठमोठ्याने बोलायला लागत. करडई, लग्नं, ग्रहण, जो विषय सापडेल तो. आतल्याचं घरगुती बाहेर पडू नये म्हणून हा माणूस दिवसभर स्वतःचा घसा खरवडत बसे. "फोनमधलं फोनमधीच ऱ्हावं," असं ते म्हणत.

बुटका बांधा, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंग, आणि खडू ठेवून ठेवून पांढरा पडलेला शर्टाचा खिसा. निजामाच्या राज्यात पहिल्या दोन-तीन इयत्ता उर्दूतून झाल्यामुळे चर्चेला ते बहस म्हणत आणि पहिल्या नंबराला अव्वल. मराठी अक्षर मात्र असं सुंदर, की मी वर्गात त्यांचं नाव घेऊन पोरांना लाजवत असे.

खिशात खडू कशाला, तर फळ्यासाठी. शाळेने मोडीत काढलेला एक फळा आप्पांनी दुकानाबाहेर टांगला होता. आमच्याकडे पेपर यायचा दुपारी, आणि एका पेपरावर वीस माणसं. म्हणून आप्पा मुख्य बातमी फळ्यावर लिहीत. हळूहळू लोक खाली आपलंही लिहायला लागले. कोणी शेरा मारी, कोणी तक्रार करी, कोणी नुसतीच फिरकी घेई. मग जागेवरून कुरबुरी सुरू झाल्या. ज्याला त्याला आपली ओळ वर हवी. तेव्हा आप्पांनी कायदा केला. नवीन ओळ कोणीही लिहावी, पण तळाला. ज्याला ती पटेल त्याने ओळीपुढे एक उभी रेघ मारावी. ज्या ओळीपुढे रेघा जास्त, ती वर.

यात पहिली अडचण अशी आली की 'दिंद्रुडला तालुका करा' ही ओळ वर जाऊन बसली आणि उठेचना. गावात तिला विरोध करणारा कोण सापडणार? लोकांना ती इतकी सवयीची झाली की तिच्याकडे कोणी बघेना, आणि नवीन ओळींना वर जायला वाव राहिला नाही. आप्पांनी यावर बरेच दिवस डोकं खाजवलं आणि मग रोज सकाळी निम्म्या रेघा पुसायचा नियम केला. अंघोळ करून, विभूती लावून, तराजूला हात लावायच्या आधी ते फळ्यापुढे उभे राहत. प्रत्येक ओळीच्या निम्म्या रेघा जात, उरलेल्यांप्रमाणे ओळींची वरखाली उतरंड लागे आणि सगळा फळा त्यांच्या अक्षरात नव्याने लिहिला जाई. "शिळं आपोआप खाली जातं, ताजं वर येतं," असं ते मला कौतुकाने सांगत. मास्तर असून मला हे सुचलं नसतं, असं त्यांना वाटे. ते खरंच होतं.

कायद्याच्या बाबतीत आप्पा घरच्यांचंही ऐकत नसत. एकदा कोणीतरी 'आप्पाची साखर ओली' असं लिहिलं आणि रेघांचा पाऊस पडला. गिरजाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, ओला फडका हातात घेऊन बाहेर धाव घेतली. आप्पांनी फडका काढून घेतला. "कायदा फळ्याचा हाय, माजा न्हाई," ते म्हणाले, आणि स्वतःच्या साखरेची बदनामी स्वतःच्या वळणदार अक्षरात रोज सकाळी सगळ्यात वर लिहीत राहिले. पोतं खरंच भिजलं होतं. ते त्यांनी बदललं आणि तळाला लिहिलं, 'साखर बदलली.' त्या ओळीला कोणी रेघच मारली नाही. ती तळालाच पडून राहिली आणि तिथूनच पुसली गेली. आम्ही यावर पुष्कळ हसलो. आप्पाही हसले.

पण आप्पांचा खरा पराक्रम म्हणजे पाण्याची टाकी. गावात नवी टाकी झाली आणि वर्षाच्या आत पाझरायला लागली. फळ्यावर ओळ आली, 'टाकीत वाळू लई, सिमेट कमी.' ती दुपारपर्यंत अव्वल. सरपंचाची माणसं जीप घेऊन दुकानावर आली आणि ओळ पुसायला सांगू लागली. आप्पांनी पुसली नाही. मग त्यांच्यातला एक हुशार म्हणाला, पटणाऱ्यानं रेघ मारायची, तर न पटणाऱ्यानं काय करायचं? आप्पांना हे रास्त वाटलं. त्यांनी प्रत्येक ओळीच्या डावीकडे होची जागा ठेवली आणि उजवीकडे न्हाईची. होच्या रेघांतून न्हाईच्या वजा करून जे उरेल त्यावर ओळीची जागा ठरायची. दुसऱ्या दिवशी सरपंचाच्या माणसांनी खडू झिजेपर्यंत न्हाईच्या रेघा मारल्या. टाकी घसरत घसरत फळ्याच्या खाली गेली.

त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत. गिरजाकाकू मला बोलवायला आल्या, मी जाऊन चार शब्द सांगितले, पण त्यांचं माझ्याकडे ध्यान नव्हतं. दुसऱ्या सकाळी फळ्यावर नवा कायदा होता. हो आणि न्हाई दोन्ही रेघांची बेरीज करायची. ज्याच्यावर बहस जास्त, ते अव्वल. खरं का खोटं ते लोकांनी बघावं. कोणीतरी टाकीची ओळ पुन्हा तळाला लिहिली. सरपंचाची माणसं आली आणि सवयीने न्हाईच्या रेघा मारत सुटली. जितक्या रेघा मारल्या तितकी टाकी वर चढली. त्यांच्या ध्यानात येईपर्यंत ती अव्वल झाली होती आणि सगळा बाजार पोट धरून हसत होता. पुढे तालुक्याहून साहेब आले, टाकीचं काम पुन्हा झालं. "त्यांच्याच खडूनं टाकी वर बसवली," हे वाक्य आप्पांनी मला किती वेळा ऐकवलं असेल याचा हिशोब नाही. इतका खूश माणूस मी फार पाहिलेला नाही. आज ते आठवलं की वाईट वाटतं.

आता शोभा सिस्टर. गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाई. तिशीच्या आतल्या, विधवा, कामाला वाघ. आसपासच्या वस्त्यांवरची निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. दर गुरुवारी बारा वाजता त्या दुकानात येऊन बाकावर बसत आणि त्यांच्यासाठी लातूरहून फोन येई. त्या काचेच्या खोलीत पाठमोऱ्या उभ्या राहून बोलत. बोलत कमी आणि ऐकत जास्त. बाहेर आल्या की कधी डोळे पुसत, कधी स्वतःशीच हसत. आप्पा तेवढा वेळ सगळ्यात मोठ्याने ओरडत.

फोन त्यांच्या मुलाचा असे. नवरा गेल्यावर सासरच्यांनी पोरगं ठेवून घेतलं होतं आणि आईशी संबंध ठेवायला मनाई केली होती. धाकट्या दिराला दया आली. तो गुरुवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत पोराला गुपचूप एका बूथवर नेई आणि दिंद्रुडचा नंबर पोराकडूनच लावून घेई. घरात कळलं असतं तर त्याच दिवशी सगळं बंद. हे गावात फक्त आप्पांना माहीत होतं. फोन तेच उचलत आणि पलीकडून पोरगंच विचारी, आई आली का म्हणून.

एका गुरुवारी आप्पांना ठसका लागला. ओरडणं थांबलं, आणि नेमका तेवढ्यात काचेच्या आतून एक शब्द बाहेर आला. सिस्टर म्हणाल्या, "जेवलास का, राजा?"

बाकावर चौघं-पाचजण होते. आईने पोराला राजा म्हणावं यात काही नवल नाही. त्या प्रत्येकाच्या घरात आया पोरांना राजाच म्हणत असणार. पण गोरीगोमटी तरुण विधवा आणि दर गुरुवारचा फोन, एवढ्यावर त्या शब्दाचा अर्थ लावला गेला. दुसऱ्या दिवशी फळ्याच्या तळाला ओळ होती, 'सिस्टरचा गुरुवारचा राजा कोण?' तिच्याखाली बारीक अक्षरात कोणीतरी जोडलं, 'लातूरचा हाय.'

चावट लोकांनी पाच-सहा होच्या रेघा मारल्या. तेवढ्यावर ती ओळ दोन दिवसांत मेली असती. पण गावात भली माणसं फार. हेडमास्तरांनी शाळा सुटल्यावर येऊन सगळ्यांदेखत न्हाईची रेघ मारली. देवळाच्या पुजाऱ्याने मारली. मीही मारली, आणि मारताना छाती जरा पुढे काढली होती हे मला चांगलं आठवतं. सगळ्यात शेवटी वस्तीवरच्या बाया आल्या. त्या कधी फळ्याकडे फिरकत नसत. त्यांना वाचता येत नव्हतं. न्हाई कुठल्या अंगाला म्हणायचं, एवढं विचारून त्यांनी एकेक करून खडू हातात घेतला. कडेवर लेकरं होती, सिस्टरांच्याच हातावर जन्मलेली. एकीने लेकराच्या हातात खडू देऊन त्यालाही रेघ ओढायला लावली.

संध्याकाळी ओळ अव्वल होती. दुसऱ्या सकाळी आप्पांनी निम्म्या रेघा पुसल्या आणि ती पुन्हा लिहिली. ती वर आहे हे बघून चिडलेल्या माणसांनी आणखी न्हाई मारल्या. असं रोज. मूळ ओळ कोणी लिहिली ते आज कोणी सांगू शकणार नाही, कारण ते अक्षर पहिल्याच सकाळी पुसलं गेलं. पुढे ती होती ती आप्पांच्या अक्षरात, सुंदर आणि लांबून वाचता येईल अशी.

एका दुपारी मी खोलीत वह्या तपासत बसलो होतो. भिंतीपलीकडे आप्पा चक्क हळू बोलत होते. असं कधी झालं नव्हतं, म्हणून मी कान दिला. सिस्टर आल्या होत्या.

"आप्पा, ती ओळ पुसा."

"दोन दिस थांबा, सिस्टर. रेघा निम्म्या व्हायल्यात. आपोआप खाली येती."

"येत न्हाई. मी रोज बघायलीय. माज्या बाजूचे लोकच मला वर चढवायलेत. त्ये न्हाई म्हणायलेत अन् मी अव्वल."

आप्पा म्हणाले, "आज तुमची पुसली तर उद्या सरपंच येतो त्याची पुसायला. त्याला कोण्या तोंडानं न्हाई म्हणू?"

"मग सांगून टाका लोकांला, पोराचा फोन हाय म्हणून."

"ते कसं सांगू? फोनमधलं हाय ते."

"मला बी न्हाई सांगायचं," सिस्टर म्हणाल्या. "लातूरला कळलं तर पोराचा आवाज बंद होईल माज्यासाठी. म्हणून म्हणते, नुसती पुसा. पाया पडते."

त्यांच्या चपलांचा आवाज दूर गेलेला मी ऐकला. पोराची गोष्ट मला कळली ती अशी भिंतीआडून. आप्पांचे दोन्ही नियम, फळ्याचा आणि फोनचा, चांगले होते. एकाने गावाची टाकी वाचवली होती, दुसऱ्याने कितीतरी घरांची अब्रू. त्या दोन चांगल्या नियमांच्या मधे ती बाई चिरडत होती आणि आप्पांना ते दिसत होतं. त्यांनी पुसलं नाही. बाहेर जाऊन फडका मारायला मला कोणी अडवलं नव्हतं, पण मीही उठलो नाही. मनात म्हटलं, फळा आप्पांचा आहे.

कापसाचे व्यापारी आमच्या गावात लातूरहूनही येत. त्यातल्या एकाने फळा वाचला, दुकानातला चहा घेतला आणि गंमत म्हणून ती गोष्ट लातूरला नेली. दिंद्रुडची नर्स म्हटल्यावर सासरच्यांना कोण ते सांगावं लागलं नाही. राजा कोण हेही त्यांनी बरोबर ओळखलं. साऱ्या गावाला जे उमगलं नाही ते त्यांना एका वाक्यात उमगलं.

पुढच्या गुरुवारी सिस्टर वेळेवर येऊन बाकावर बसल्या. बारा वाजले, साडेबारा झाले. आप्पांनी कोणाला फोनला हात लावू दिला नाही. मधूनमधून ते रिसीव्हर उचलून कानाला लावत, लाईन चालू आहे ना ते बघत आणि घाईने ठेवून देत. एकच्या सुमाराला सिस्टर उठल्या आणि उपकेंद्राकडे गेल्या. आप्पा बाहेर आले. ओल्या फडक्याने त्यांनी सगळा फळा पुसला, तालुका, पाऊसपाणी, सगळंच. मग तो खाली उतरवला आणि दुकानात नेऊन तोंड भिंतीकडे करून ठेवला. लोक बघत होते. का म्हून पुसला, असं एकाने विचारलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दिराचा फोन आला. घरात कळलंय, पोराला लांबच्या कुणा नातेवाइकाकडे शाळेला पाठवलंय, कुठे ते मलाही सांगत नाहीत, वहिनींना म्हणावं आता वाट बघू नका. हा निरोप द्यायला आप्पा मला बरोबर घेऊन गेले. एकट्याने जायचा धीर होत नव्हता, असं त्यांनी रस्त्यात सांगितलं. सिस्टरांनी दारातच आम्हाला पाणी दिलं. आप्पांनी निरोप सांगितला. तांब्या हातात तसाच होता.

"चुकलं माजं," ते म्हणाले.

सिस्टर रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "तुमचं काय चुकलं, आप्पा?" त्या म्हणाल्या. "तुमी कायद्यानं वागलात."

आप्पांनी पाणी न पिता तांब्या खाली ठेवला. मला तेव्हा आप्पांची लाज वाटली, माझी वाटली, छाती काढून रेघ मारणाऱ्या साऱ्या गावाची वाटली. थोड्याच दिवसांत सिस्टरांनी बदली मागून घेतली आणि त्या आष्टीकडे गेल्या. वस्तीवरच्या बाया त्यांना एसटीपर्यंत पोचवायला आल्या होत्या. आपण सिस्टरांच्या बाजूने उभ्या राहिलो याचं त्यांना समाधान होतं. त्यांना खरं काय ते कोणी सांगितलं नाही, आणि न सांगितलेलंच बरं झालं.

मी पुढे अंबाजोगाईला नोकरी धरली. दिंद्रुडला फारसं जाणं झालं नाही. मध्यंतरी माझ्या एका विद्यार्थ्याने अंबाजोगाईत सायबर कॅफे टाकला आणि गुरुजींचा मान म्हणून मला एक तास संगणकापुढे बसवलं. जगभरातली मराठी माणसं एका ठिकाणी आपापले विषय मांडत होती, बाकीचे त्याखाली लिहीत होते, आणि ज्याच्यावर गर्दी जास्त ते आपोआप वर येत होतं. जुनं झालं की खाली सरकत होतं. हे कसं चालतं ते विद्यार्थी मला समजावू लागला. मी म्हटलं, हे मला माहीत आहे.

त्यानंतर एका लग्नाच्या निमित्ताने दिंद्रुडला गेलो. तोवर मोबाईल आले होते आणि बूथवर कुत्रं फिरकत नव्हतं. आप्पा थकले होते. खिसा स्वच्छ होता. आणि ते हळू बोलत होते, इतकं की मला पुढे वाकावं लागलं. त्यांना बरं वाटेल म्हणून मी संगणकाची हकीकत सांगितली. म्हटलं, आप्पा, तुमचाच कायदा आता साऱ्या दुनियेत चालतो.

त्यांना बरं वाटलं नाही. ते म्हणाले, "सर, तिथं न्हाईची रेघ हाय का?"

"तशीच काहीशी आहे."

"ती मोजतेत कशी? खाली उतरवायला का वर चढवायला?"

मला सांगता येईना. विचारून कळवतो, असं मी म्हटलं. "विचारा," आप्पा म्हणाले. "लई जपून करा म्हणावं."

तेवढ्यात लग्नाचा एक पाहुणा आला. त्याच्या मोबाईलला रेंज नव्हती आणि घाईचा फोन करायचा होता. आप्पांनी हात आडवा केला. एक वाजल्यावर या, म्हणाले. पाहुणा चिडला, रिकामा फोन समोर असताना हा काय प्रकार, असं पुटपुटत निघून गेला. तो गुरुवार होता हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. गिरजाकाकूंनी आतून सांगितलं, की गावात नवं एक्स्चेंज झालं तेव्हा सगळ्यांचे नंबर बदलणार होते, आणि आप्पा बीडला खेटे घालून, साहेबांपुढे हात जोडून आपला नंबर तोच ठेवून घेऊन आले. आष्टीकडच्या दवाखान्याचा नंबर तर झोपेतून उठवलं तरी सांगतात. धंदा कवाच बसला, पण फोन काढू देत नाहीत.

मी आप्पांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"आता मोठं झालं आसंल पोरगं," ते म्हणाले. "पर त्याला आईचा नंबर म्हणून एवढाच पाठ हाय."

माझी गाडी आली. वळणावरून मागे पाहिलं तर आप्पा काचेच्या खोलीतल्या स्टुलावर बसलेले दिसले, पाठमोरे, एक हात फोनवर ठेवून. एक वाजायला अजून बराच वेळ होता.